घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहणारी संत तेरेजा



प्रार्थनेला बसले की मन थाऱ्यावर राहत नाही, अशी तक्रार आपल्यापैकी बरेच जण करतात. रोजरीचे तिसरे रहस्य येईपर्यंत मन बाजारात, मुलांच्या परीक्षेत, नाहीतर बांधावरच्या भांडणात पोहोचलेले असते. खरे सांगायचे तर आराधनेच्या तासाला माझेही मन कितीदा देवळाच्या गळक्या छपरावर जाऊन बसते. म्हणून यावेळी आविलाच्या संत तेरेजाविषयी लिहीत आहे. प्रार्थनेची गुरू म्हणून सारी ख्रिस्तसभा तिला मानते. पण तिचे स्वतःचे मन किती भटकत असे, हे आपण विसरतो.

स्पेनमधील आविला या तटबंदीच्या शहरात २८ मार्च १५१५ रोजी तिचा जन्म झाला. साधारण सात वर्षांची असताना मूर लोकांच्या देशी जाऊन रक्तसाक्षी व्हायचे म्हणून भाऊ रोद्रिगो याला घेऊन ती घरातून पळाली. काकांनी वाटेत गाठून दोघांना परत आणले! १५३५ साली वडिलांची संमती नसताना ती कार्मेल मठात दाखल झाली. पुढे आजारपण आले. १५३९ साली ती चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिची कबरही खोदून ठेवली होती. ती वाचली, पण नंतर जवळजवळ तीन वर्षे तिचे अंग लुळे होते.

शरीर सुधारले, मन मात्र ऐकेना. सुमारे अठरा वर्षे पवित्र ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडली, तर हाती पुस्तक नसताना प्रार्थनेला बसण्याचे तिला धाडस होत नसे. भरकटणाऱ्या विचारांपुढे पुस्तक ही तिची ढाल होती. कधी ते नुसते उघडले तरी पुरे होई. प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून ती घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून बसे. मध्यंतरी वर्षभराहून अधिक काळ तिने मनन सोडूनच दिले आणि त्याला नम्रता हे नाव दिले. आपण यास लायक नाही, असे तिने मनाशी ठरवले होते. पुढे तीच म्हणू लागली, की माझी सर्वांत मोठी चूक झाली ती हीच.

१५५४ साली मठात आणलेल्या जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे ती कोसळली आणि रडली. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. तिथून तिचे जीवन पालटले. १५६२ साली तिने संत योसेफाच्या नावे छोटा सुधारित मठ स्थापला, पुढे बैलगाडीसारख्या वाहनांतून स्पेनभर फिरून आणखी मठ उभे केले. या कामांवर स्वतंत्र लेख होईल, आज आपला विषय मनाचा आहे.

कारण एवढे सारे होऊनही डोक्यातला गोंगाट थांबला नव्हता. १५७७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ‘आंतरिक दुर्ग’ हा ग्रंथ लिहिताना आपल्या डोक्यात नद्यांच्या लोंढ्यांसारखा आवाज आणि पाखरांचा कलकलाट चालू आहे, असे ती नोंदवते. मात्र आता ती घाबरत नव्हती. त्याआधी चारेक वर्षे तिला अनुभवाने कळले होते, की धावाधाव करणारी कल्पनाशक्ती वेगळी आणि जाणणारी बुद्धी वेगळी. एका विद्वानाला विचारून तिने खात्री करून घेतली आणि तिला मोठा आनंद झाला. सेमिनरीत आत्म्याच्या या शक्तींची नावे आम्ही पाठ केली, परीक्षेत लिहिलीही. त्यातून कुणाला आनंद होऊ शकतो, हे मला तेरेजा वाचल्यावर कळले. डोक्यात वादळ असतानाही इच्छा देवापाशी शांत बसलेली असू शकते. गिरणीची खटखट होऊ द्यावी, आपण आपले पीठ दळत राहावे, असे तिचे सांगणे.

आत्मचरित्रात तिने प्रार्थनेची तुलना बागेला पाणी देण्याशी केली आहे: विहिरीतून शेंदून, रहाटाने, पाटाने आणि शेवटी पावसाने. आपल्याकडे ज्यांनी वाडीला रहाटाचे पाणी दिले आहे, त्यांना हे वेगळे समजावायला नको. सुरुवातीला शेंदावेच लागते, आणि विहीर कोरडी निघाली तरी माळ्याने बागेत हजर राहायचे असते.

४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे ती वारली. त्याच रात्री नवे पंचांग लागू झाल्याने दुसरा दिवस १५ ऑक्टोबर मोजला गेला; तोच तिचा सण. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिने आपल्या भगिनींना शिकवलेली रीत आज रात्री करून पाहा. क्रुसाची खूण करा, दिवसभरातील चुकांची क्षमा मागा. प्रभू जवळ बसला आहे एवढेच ध्यानात घ्या. चेहरा डोळ्यांपुढे येत नसेल तर हरकत नाही, तेरेजालाही येत नसे. अंधाऱ्या खोलीत सोबतीला कुणी असावे, दिसू नये, पण आहे हे ठाऊक असावे, तसे. मोठे विचार काढायचे नाहीत, नुसते त्याच्याकडे पाहायचे. दुःखात असाल तर गेथशेमनी बागेतला प्रभू पाहा, आनंदात असाल तर पुनरुत्थित. मग ‘आमच्या बापा’ सावकाश म्हणा. तासाभरात एकदाच झाली तरी चालेल. मन पळाले तर त्याच्याशी भांडू नका, हळूच परत या. वर्षभरात, कदाचित सहा महिन्यांतही सवय लागते, असा तिचा हिशेब आहे. मधेच झोप लागली तर? ती स्वतः मठात जाण्याआधीपासून बहुतेक रात्री निजताना गेथशेमनीतल्या प्रभूजवळ थोडा वेळ थांबत असे, विचार थांबू देतील तेवढाच वेळ.