कापडाच्या धाग्यांपासून माहितीच्या धाग्यांपर्यंत

क्रेडिट कार्डावरील सोळा आकड्यांपैकी एखादा आकडा टंकताना चुकला, तर संगणक तो क्रमांक तत्काळ नाकारतो. मोबाईल संचाच्या पंधरा आकडी ओळख क्रमांकातील अखेरचा आकडाही अशाच पडताळणीसाठी राखलेला असतो. या पडताळणीमागील सुटसुटीत गणिती युक्ती हान्स पीटर लून या अभियंत्याची. ही युक्ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र लून यांचे याहून मोठे देणे म्हणजे प्रचंड माहितीच्या ढिगाऱ्यातून हवे ते क्षणार्धात शोधण्याची रीत. ते देणे रोजच्या वापरात असूनही त्यावर त्यांचे नाव नाही.

लून यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनीतील बार्मेन या गावी झाला. वडील मुद्रक होते. मुलाने घरचा व्यवसाय पुढे चालवावा या हेतूने त्याला मुद्रणकला शिकण्यासाठी स्वित्झर्लंडला पाठविण्यात आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैन्यात सेवा बजावली. युद्धानंतर त्यांनी मुद्रण सोडून वस्त्रोद्योगाची वाट धरली आणि १९२४ मध्ये ते अमेरिकेत आले. तेथे त्यांनी ‘लूनोमीटर’ नावाचे साधन तयार केले. बारीक रेषा आखलेली ही पट्टी कापडावर ठेवली की रेषा व धागे यांच्या मेळातून एक नक्षी उमटते आणि त्यावरून इंचभर कापडात किती धागे आहेत हे न मोजताच कळते. त्यांच्या शोधक बुद्धीला विषयाचे बंधन नव्हते. घडी घालता येणारा रेनकोट येथपासून निरनिराळ्या यंत्रांपर्यंत ऐंशीहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली.

१९४१ मध्ये ते आयबीएम कंपनीत रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानविषयक लेखनाला महापूर आला. जेम्स पेरी आणि मॅल्कम डायसन या रसायनज्ञांनी १९४७ मध्ये आयबीएमकडे एक अडचण मांडली. रासायनिक संयुगांच्या असंख्य नोंदींतून हवी ती नोंद यंत्राने शोधता येईल काय? उणीव ज्ञानाची नव्हती, असलेले ज्ञान वेळेवर हाती लागत नव्हते. एका प्रयोगशाळेने लावलेला शोध दुसरीला सापडला नाही, तर तेच श्रम पुन्हा करावे लागत. लून यांनी छिद्रित पत्रे तपासणारे एक शोधयंत्र तयार केले आणि पुढील आयुष्य त्यांनी प्रामुख्याने याच प्रश्नाला वाहिले.

जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी कंपनीअंतर्गत एका टिपणात एक विलक्षण कल्पना मांडली. तोवर नोंद शोधायची म्हणजे यादी एका टोकापासून चाळायची किंवा आधी क्रमवार लावून ठेवायची. लून यांनी सुचविले की नोंदीच्या क्रमांकावरच एक साधी आकडेमोड करावी आणि येणारे उत्तर हाच तिच्या खणाचा पत्ता मानावा. समजा, क्रमांक ४२७१३५ आहे. त्यातील दोन-दोन आकड्यांच्या बेरजा ६, ८ आणि ८ येतात. म्हणून ती नोंद ६८८ व्या खणात ठेवायची आणि पुढे शोधतानाही थेट तोच खण उघडायचा. पण २४१७५३ या क्रमांकाचे उत्तरही ६८८ च येते. एका जागेवर दोघांनी हक्क सांगितला, तर काय करावे? लून यांचे उत्तर साधे होते. खण एकाच नोंदीसाठी राखायचाच नाही, तेथे येतील तेवढ्या नोंदी साखळीसारख्या एकमेकींना जोडून ठेवायच्या. शोधताना मग केवळ त्या छोट्या साखळीत पाहावे लागते. हीच पद्धत पुढे ‘हॅशिंग’ म्हणून प्रसिद्ध झाली.

तथापि ते टिपण कंपनीबाहेर गेले नाही. १९५६ मध्ये अर्नोल्ड ड्युमी यांनी याच प्रकारच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. इतर संशोधकही स्वतंत्रपणे तेथवर पोहोचले होते. त्यामुळे पद्धत जगभर गेली, मात्र तिच्यासोबत लून यांचे नाव गेले नाही.

पुढची पायरी त्यांनी ग्रंथसूचीच्या क्षेत्रात गाठली. नोव्हेंबर १९५८ मध्ये वॉशिंग्टन येथे वैज्ञानिक माहितीविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे त्यांनी ‘क्विक’ ही सूचिपद्धती सादर केली. या पद्धतीत लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक अर्थपूर्ण शब्द ही एक किल्ली ठरते. शब्द वर्णक्रमाने लावले जातात आणि प्रत्येकासमोर तो शब्द असलेली सर्व शीर्षके आजूबाजूच्या शब्दांसह मांडली जातात. अव्यये व तत्सम किरकोळ शब्द यंत्र वगळते. एका शब्दाखाली अनेक लेख येतात आणि एकच लेख अनेक शब्दांखाली सापडतो. वाचकाने कोणत्याही दाराने आत यावे, त्याला हवा तो लेख भेटावा, अशी ही व्यवस्था होती. ‘केमिकल टायटल्स’ या नियतकालिकाने ती स्वीकारली आणि रसायनशास्त्रातील नव्या लेखांची सूची संगणक तयार करू लागला. त्याच वर्षी लून यांनी शब्दांच्या वारंवारितेवरून लेखाचा गोषवारा यंत्राकडून काढून घेण्याची पद्धतही प्रसिद्ध केली.

आजचे आज्ञावलीकार एका किल्लीशी एकच मूल्य न जोडता मूल्यांचा संच जोडतात, तेव्हा ते याच वाटेने चाललेले असतात. एका माणसाचे तीन दूरध्वनी क्रमांक असतात, एका शब्दाची हजारो पाने असतात. संच वापरल्यामुळे तेच मूल्य दुसऱ्यांदा आले तरी त्याची दुबार नोंद होत नाही आणि यादी विनाकारण फुगत नाही. जावा वा पायथॉन या भाषांत अशी रचना करताना किल्लीवरून जागा ठरविण्याचे काम बहुधा हॅशिंगच करते. इंटरनेटवरील शोधयंत्रांचा पायाही शब्दावरून पानांकडे नेणारी अशीच सूची आहे.

१९६१ मध्ये लून आयबीएममधून निवृत्त झाले. १९६४ मध्ये अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण त्याच वर्षी, १९ ऑगस्टला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. घरोघरी संगणक येण्यास तेव्हा अवकाश होता. आकडे पडताळण्याच्या छोट्या युक्तीने लून यांचे नाव टिकविले. ज्या कामाने माहितीच्या महापुरात माणसाला वाट दाखविली, ते मात्र निनावीच राहिले. एका किल्लीने एकच दार उघडावे हा आग्रह त्यांनी सोडला आणि त्यामुळेच ज्ञानाची असंख्य दारे सर्वांसाठी उघडली.