जोसेफ कॉनरॅड : विसाव्या वर्षी इंग्रजी शिकलेला खलाशी

जोसेफ कॉनरॅड हे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात आढळते. त्याच्या कादंबऱ्या विश्वविद्यालयांतून पाठ्यपुस्तके म्हणून नेमल्या जातात आणि उत्तम इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून त्याचे उतारे विद्यार्थ्यांपुढे ठेवले जातात. परंतु हा मनुष्य इंग्रज नव्हता. त्याच्या घरात इंग्रजी बोलत नसत. आणि वयाची वीस वर्षे पुरी होईपर्यंत त्यास त्या भाषेतील एक धड वाक्य बोलता येत नव्हते. इंग्रजीची प्रश्नपत्रिका हाती पडताच ज्यांचे हातपाय गळतात अशा मुलामुलींनी, आणि मुलाचे इंग्रजी कच्चे राहिले म्हणून झुरणाऱ्या त्यांच्या आईबापांनीही, या मनुष्याचे चरित्र एकदा पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

त्याचे मूळ नाव युझेफ तेओदोर कोन्राद कोझेन्योव्स्की. आज युक्रेन देशात असलेल्या बर्दिचिव्ह येथे ३ डिसेंबर १८५७ रोजी त्याचा जन्म झाला. कुटुंब पोलिश होते. पण त्या काळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर उरले नव्हते. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी ते आपसांत वाटून घेतले होते. वडील आपोलो हे कवी व भाषांतरकार असून स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठी खटपट करणारे होते. त्याबद्दल १८६२ साली रशियन सरकारने त्यांस पत्नी व चार वर्षांच्या मुलासह उत्तरेकडील वोलोग्दा या अतिथंड गावी हद्दपार केले. त्या हालअपेष्टांत आईची प्रकृती ढासळली आणि १८६५ साली क्षयाने ती वारली. मागे राहिले शोकाने खचलेले वडील आणि पुस्तकांखेरीज दुसरा सोबती नसलेला हा मुलगा.

या घरातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वडील शेक्सपियर व व्हिक्टर ह्यूगो यांची पोलिशमध्ये भाषांतरे करीत असत. एके दिवशी मुलगा त्यांच्या मेजावर कोपरे टेकून शेक्सपियरच्या एका नाटकाच्या भाषांतराची सुटी पाने वाचीत असता वडील आत आले. मुलगा भ्याला. परंतु वडिलांनी रागे न भरता तेच पान मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगितले. त्याआधी ह्यूगोच्या एका कादंबरीची मुद्रिते त्याने आजारी वडिलांस अशीच वाचून दाखविली होती. तेव्हा तो अवघा आठ वर्षांचा होता. डिकन्सही त्याने प्रथम वाचला तो पोलिशमध्येच. म्हणजे इंग्रजीचे एक अक्षर येण्यापूर्वी इंग्रजी ग्रंथकारांशी त्याची ओळख झाली ती मातृभाषेच्या दारातून. वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावणे, विरामचिन्हापाशी थांबणे, वाक्याचा तोल आवाजाने सांभाळणे या सवयी त्यास आपल्या भाषेतच लागल्या. मुलाने मराठी गोष्टीचे पुस्तक हाती घेतले की त्याचा इंग्रजीचा वेळ फुकट गेला असे समजणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

१८६९ साली वडीलही निवर्तले. अकरा वर्षांच्या या पोरक्या मुलाचा सांभाळ मामाने केला. मुलास समुद्राचे वेड लागले. घरच्यांनी पुष्कळ समजाविले. परंतु १८७४ साली, सोळाव्या वर्षी, तो फ्रान्समधील मार्सेय बंदरात दाखल झाला. फ्रेंच त्यास लहानपणापासून येत असे. चार वर्षे त्याने फ्रेंच जहाजांवर काढली. पण कायद्याने तो रशियाचा प्रजाजन असून त्याच्यावर लष्करी नोकरीचे बंधन होते. त्यामुळे फ्रेंच जहाजांवर त्यास पुढे काम मिळेना. इंग्रजांच्या व्यापारी जहाजांवर अशी अडचण नव्हती. त्यास इंग्रजीकडे नेले ते हे पोटाच्या कारणाने. वाङ्मयाचे प्रेम पुढे आले.

१८७८ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट या गावी तो उतरला. ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही. लवकरच लोस्टॉफ्ट व न्यूकॅसल यांच्या दरम्यान कोळसा वाहणाऱ्या एका गलबतावर तो साधा खलाशी म्हणून राहिला. तेथे तो दोन-अडीच महिनेच होता. तथापि इंग्रजीची त्याची पहिली शाळा तीच. शिक्षक होते किनाऱ्यावरचे रांगडे खलाशी. ते व्याकरणाचे नियम सांगत नसत. दोर ओढावयाचा म्हणजे त्या दोराचे नाव बरोबर कळले पाहिजे. हुकूम कानी पडताच हात त्याच दोरावर गेला पाहिजे. चुकला तर शीड फाटावयाचे किंवा कोणाचा तरी हातपाय मोडावयाचा. आपल्या परीक्षेत आकलनाच्या प्रश्नाला गुण असतात. तेथे आकलनावर जीव अवलंबून असे.

एका शब्दाला एकच नेमका अर्थ, ही जी शिस्त त्यास गलबतावर लागली ती त्याने जन्मभर सोडली नाही. पुढे १९०६ साली ‘द मिरर ऑफ द सी’ या पुस्तकात त्याने वर्तमानपत्रे लिहिणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. जहाजाने नांगर ‘कास्ट’ केला असे हे लोक लिहितात. पण नांगर कोणी फेकीत नाही, तो नुसता सुटा सोडावयाचा असतो, आणि खलाशी त्यास ‘लेट गो’ असेच म्हणतात, हा त्याचा आक्षेप. आपण मराठीत नांगर टाकला म्हणतो, तेव्हा आपली मुले हीच चूक हमखास करतील! इंग्लंडात जन्मलेल्या लेखकांस हे सांगणारा मनुष्य मात्र परदेशी होता.

कान तयार झाला तो खलाशांत. डोळा तयार झाला तो पुस्तकांवर. त्याचे एक जुने गळके जहाज दुरुस्तीसाठी फाल्मथ बंदरात कित्येक महिने अडकून पडले होते. तेथे त्याने पाच शिलिंगांस मिळालेली, एकाच जिल्दीत बांधलेली शेक्सपियरची नाटके वाचली. गोदीत जहाजाच्या फळ्यांच्या सांधी बुजविणाऱ्या कामगारांच्या हातोड्यांचा ठणठणाट चालू असे, आणि हा तरुण फुरसत मिळेल तेव्हा पुस्तकात डोके घालून बसे. अभ्यासाला घरात शांतता नाही ही तक्रार माझ्या कानी वारंवार येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. तथापि फाल्मथच्या गोदीहून अधिक गोंगाट आपल्या चाळींतून होत असेल असे वाटत नाही.

अधिकारी होण्यासाठी परीक्षा द्याव्या लागत, आणि त्यांत तोंडी परीक्षा असे. १८८० साली तो सेकंड मेटची परीक्षा उतरला. परीक्षकाने त्यास तासन् तास प्रश्न विचारून अगदी पिळून काढले. १८८४ च्या नोव्हेंबरात फर्स्ट मेटच्या परीक्षेत तो नापास झाला. पुन्हा बसला, आणि ३ डिसेंबर रोजी, म्हणजे आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, पास झाला. १८८६ च्या जुलै महिन्यात कप्तानाच्या परीक्षेतही तो प्रथम नापास झाला. नोव्हेंबरात पास झाला. गणित व जहाज हाकण्याचे हिशेब यांत तो अडला होता. मौज अशी की, उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्याने या परीक्षांचे वर्णन मोठ्या रंगाने केले आहे, पण नापास झाल्याचा उल्लेख कोठेही नाही. कित्येक वर्षांनी संशोधकांनी जुनी दप्तरे चाळली तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. एवढ्या मोठ्या ग्रंथकारासही गुणपत्रिका झाकून ठेवावीशी वाटली! त्याच १८८६ सालच्या ऑगस्टमध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला.

याच काळात त्याचे पाय आपल्या मुंबईसही लागले. १८८४ साली मद्रास बंदरात आपल्या कप्तानाशी खटका उडाल्याने त्याची नोकरी सुटली आणि दुसरे जहाज शोधीत तो आगगाडीने मुंबईस आला. खलाशांसाठी बांधलेल्या सेलर्स होमच्या व्हरांड्यात बसला असता त्याने ‘नार्सिसस’ हे डौलदार शिडाचे जहाज बंदरात शिरताना पाहिले आणि त्याच जहाजावर तो सेकंड मेट म्हणून लागला, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. ज्या इमारतीत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे तीच ही सेलर्स होमची इमारत. त्या वर्षीच्या जूनमध्ये जहाज मुंबईहून निघाले व ऑक्टोबरात फ्रान्समधील डंकर्कला पोहोचले. या सफरीवरून त्याने १८९७ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचा आरंभ मुंबई बंदरातच होतो. तिच्या मूळ नावातील एक शब्द कृष्णवर्णीयांस अपमानकारक असल्याने तो मी येथे देत नाही. अमेरिकेत ती ‘द चिल्ड्रेन ऑफ द सी’ या नावाने निघाली होती. लेखकाने लिखित शब्दाच्या बळावर वाचकास ऐकावयास, अनुभवावयास आणि सर्वांत आधी पाहावयास लावले पाहिजे, हा त्याचा सुप्रसिद्ध विचार त्याने याच कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडला.

आता व्याकरणाविषयी दोन शब्द. पोलिश भाषेत ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे नाहीत. मराठीतही नाहीत. जहाज आले, एवढे म्हटले की आपले काम भागते. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्यास आधी ठरवावे लागते की, हे कोणते तरी एक जहाज आहे, की ज्याविषयी आपले बोलणे चालू आहे तेच हे. मुले उपपद गाळतात ती आळसाने नव्हे; त्यांच्या भाषेने त्यांस हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. कॉनरॅडचेही तसेच होते. विख्यात झाल्यावरही त्याच्या हातून उपपदे चुकत, ‘शॅल’ व ‘विल’ यांत घोटाळा होई, आणि फ्रेंच वा पोलिश धाटणीने विशेषणे नामाच्या मागे जाऊन बसत. हस्तलिखिते त्याची पत्नी जेसी टंकलिखित करी. मित्र त्यातील दोष दाखवीत. आणि तो ते सुधारून घेई. इंग्रजी ही तर त्याची तिसरी भाषा. घरी अहिराणी किंवा कोकणी, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी, अशी चढण चढणारी आमची कित्येक मुले त्याच्याच वाटेने चाललेली आहेत.

१८८९ साली लंडनमध्ये नोकरीची वाट पाहत असता त्याने ‘आल्मेयर्स फॉली’ ही पहिली कादंबरी लिहावयास घेतली. ती पुरी होण्यास पाच वर्षे लागली. फ्रेंच इतकी उत्तम येत असता त्याने इंग्रजीतच का लिहिले? या दोहोंत आपण निवड केली हेच त्यास कबूल नव्हते. आपण इंग्रजीस निवडले नसून इंग्रजीनेच आपल्याला उचलून घेतले, असे त्याचे म्हणणे होते. हस्तलिखित त्याच्याबरोबर आफ्रिकेत काँगो नदीपर्यंत जाऊन आले. बर्लिनच्या स्टेशनावर तर ते पिशवीसह उपाहारगृहात राहून गेले होते. एका प्रामाणिक हमालामुळे परत मिळाले. पुढे ‘टॉरेन्स’ जहाजावर असता त्याने ते केंब्रिजच्या एका आजारी तरुण पदवीधरास वाचावयास दिले. हे पुरे करण्याजोगे आहे काय, असे त्याने विचारले, आणि लिहिले आहे त्यावरून गोष्ट नीट समजते काय, असेही विचारले. तरुणाने दोन्ही प्रश्नांस होकार दिला. परक्या भाषेत लिहिणाऱ्याच्या मनातील खरी धाकधूक या दुसऱ्या प्रश्नात आहे. १८९५ साली पुस्तक छापून निघाले. लेखकाचे नाव होते जोसेफ कॉनरॅड, आणि वय सदतीस.

त्यानंतरची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, ‘लॉर्ड जिम’, ‘नोस्ट्रोमो’ ही पुस्तके वरच्या वर्गांत गेल्यावर तुम्ही वाचालच. पैसा व लोकप्रियता मात्र १९१४ च्या सुमारास ‘चान्स’ या कादंबरीने मिळाली. तोपर्यंत कर्ज व संधिवात यांनी त्यास गांजून सोडले होते. लिहिणे त्यास कधीच सोपे गेले नाही. एकेका वाक्यासाठी तो तळमळत असे. फोर्ड मॅडॉक्स फोर्ड हा इंग्रज लेखक त्याच्याबरोबर काही वर्षे लिहीत असे. एखादे वर्णन कसे करावे याची चर्चा दोघे पुष्कळदा फ्रेंचमध्ये करीत आणि मग त्यासाठी इंग्रजी शब्द शोधीत, असे फोर्डने नमूद केले आहे.

लेखणीस जे साधले ते जिभेस साधले नाही. त्याच्या बोलण्यातील पोलिश वळण अखेरपर्यंत गेले नाही, आणि सभेत बोलावयास तो फार भीत असे. १९२३ साली तो अमेरिकेस गेला तेव्हा न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत घरी निवडक मंडळींपुढे त्यास आपली ‘व्हिक्टरी’ ही कादंबरी वाचून दाखवावी लागली. श्रोते स्वागतास उभे राहिले, टाळ्या थांबल्या, आणि क्षणभर त्याचा धीर सुटला. मग पत्नीने दिलेले घड्याळ त्याने खिशातून काढून मेजावर ठेवले आणि बोलावयास आरंभ केला. उच्चार विचित्र होते. काही शब्द श्रोत्यांस नीट कळलेही नसतील. परंतु नायिकेच्या मृत्यूचे प्रकरण तो वाचू लागला तेव्हा श्रोत्यांतून हुंदके ऐकू येऊ लागले.

१९२४ साली ब्रिटिश सरकारने देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्याने नम्रपणे नाकारली. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी कँटरबरीजवळील आपल्या घरी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यास मृत्यू आला. कँटरबरीच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावरील शिळेवर त्याचे पोलिश नाव कोरलेले असून त्यात इंग्रज कारागिराच्या हातून स्पेलिंगची चूक झालेली आहे. ती चूक आजवर तशीच आहे.