न्यायमूर्ति रानडे आणि कुणब्याची पत

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव निघालें कीं प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद व विधवाविवाह यांचेंच स्मरण लोकांस होतें. गरीब कुणब्यास रास्त व्याजानें कर्ज मिळावें कोठून, या रुक्ष प्रश्नापायीं त्यांनीं किती वर्षें खर्चिलीं हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. आमचे बहुतेक वाचक देवघेवीचा व्यवहार करणारे असल्यामुळें त्यांच्या चरित्राचा हाच भाग आज आम्ही पुढें मांडितों.

रानडे १८४२ सालीं निफाड येथें जन्मले, कोल्हापुरास वाढले, मुंबईस शिकले आणि १८७१ सालीं न्यायखात्याच्या नोकरीवर पुण्यास आले. चारच वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांतील खतपत्रें ओढून काढून जाळलीं, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंग्याचें सर्व खापर सावकाराच्या माथीं फोडणें सोयीचें होतें. परंतु अमेरिकेंतील यादवीच्या काळांत चढलेले कापसाचे भाव ती संपतांच कोसळले, आणि त्याच सुमारास सरकारनें फेरपाहणी करून सारा वाढविला, हें विसरून चालणार नाहीं. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची करामत होतीच. उसनवारीची फिर्याद तीन वर्षांच्या आंत लाविली पाहिजे, म्हणजे जुनाट येण्याचा ससेमिरा ऋणकोच्या पाठीस जन्मभर राहणार नाहीं, हा त्या कायद्याचा हेतु. घडलें तें उलटेंच. मुदत भरत आली कीं सावकार नवें खत लिहून मागे, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळे, आणि दर तीन वर्षांनीं कर्जाचें पोट फुगे. ज्याच्या रक्षणासाठीं दोरी वळली त्याच्याच गळ्यास तिचा फास बसला.

दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. न्यायाधिशानें खतावरील आंकड्यावर न थांबतां मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा, देण्यापायीं कुणब्यास कैद होऊं नये, खास गहाण लिहून न दिलेली जमीन साध्या कर्जांत विकली जाऊं नये, अशीं त्यांत कलमें होतीं. १८८७ पासून १८९३ सालीं हायकोर्टांत जाईपर्यंत रानडे या कायद्याखालचे स्पेशल जज्ज होते. चारी जिल्ह्यांतून फिरावें, खालच्या कोर्टांचे निवाडे तपासावे, कुळ व सावकार दोघांचीही बाजू समजून घ्यावी, असा त्यांचा क्रम असे. फिरतीवर रमाबाईही त्यांच्यासमवेत असत.

या कायद्यानें कित्येक कुळांचीं घरें वांचलीं, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. परंतु जी रक्कम कोर्टांतून वसूल होण्याचा भरंवसा नाहीं ती शहाणा व्यापारी हातची सोडीत नाहीं, हें आमच्या वाचकांस आम्हीं शिकवावयास नको. सावकारानें हात आंखडता घेतला. आणि जेथें दिलें तेथें गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत मागितलें. पैसे फिटल्यावर जमीन परत, हा करार तोंडी. कागदावर मात्र विक्री. गहाणांत जमीन सोडविण्याचा हक्क तरी शिल्लक राही, तोही या युक्तीनें बुडाला. नडलेला कुणबी अंगठा करून मोकळा होई. कारण पेरणीचे दिवस कायद्याची वाट पाहत नाहींत.

तेव्हां सरकारनें मध्येंच पडूं नये, असें रानडे म्हणाले काय? मुळींच नाहीं. सरकारनें व्यापारउदिमांत हात घालूं नये हें इंग्रजी अर्थशास्त्राचें सूत्र सर्व देशांस सारखें लागू पडत नाहीं, असें त्यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत स्पष्टपणें प्रतिपादिलें. त्यांची तक्रार निराळीच होती. सरकारनें सावकाराचें दार अर्धें लोटून घेतलें, पण दुसरें दार उघडलें नाहीं, ही ती तक्रार. शेतकीच्या पेढ्या काढाव्या, हें ते १८८१ पासून लिहीत होते. सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यापुरती अशी एक पेढी काढण्याची योजना आखली. पुण्यांतील भांडवलवाले पैसा घालण्यास राजी होते. जुनीं कर्जें तोडून टाकण्यास सरकारनें आरंभीं रक्कम पुरवावी व पेढीच्या वसुलास हात द्यावा, इतकीच अपेक्षा होती. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८८४ सालीं ती उचलून धरली. विलायतेंतील स्टेट सेक्रेटरीनें मात्र ती नामंजूर केली. कायदा करावयास खर्च लागत नाहीं, पेढीस लागतो, हेंच यांतील इंगित असावें, असा आमचा तर्क आहे.

रानड्यांनीं हा विषय सोडिला नाहीं. १८९१ च्या औद्योगिक परिषदेपुढें त्यांनीं युरोपांतील जमीनपेढ्यांची माहिती मांडून तीच मागणी पुन्हां केली. १९०१ च्या जानेवारींत ते निवर्तले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला, म्हणजे पुरंदरच्या योजनेनंतर वीस वर्षांनीं. आणि त्या वीस वर्षांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दक्षिणेंतील कुणब्यानें त्याच खरेदीखतांवर काढिले.