सुभेदार रामजी सकपाळ : एक कर्तव्यदक्ष पिता

वाचकहो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेचे वर्णन आपण दरवर्षी वाचतो. परंतु ज्या घरात बाबासाहेबांची जडणघडण झाली, त्या घराच्या कर्त्या पुरुषाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे बौद्ध नव्हते. ते कबीरपंथी होते आणि दीक्षेच्या ४३ वर्षे आधीच त्यांचे निधन झाले होते. तरीही त्यांचे चरित्र प्रत्येक बौद्ध कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करातच गेले आणि तेथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. मुरबाडकर घराण्यातील भीमाबाई ही त्यांची पत्नी. या दांपत्याला १४ अपत्ये झाली. त्यांतील बरीचशी लहानपणीच दगावली. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीम हे त्यांचे चौदावे अपत्य. पुढे रामजी निवृत्त झाले आणि दापोलीहून साताऱ्यास आले. तेथे भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई हिने त्या पोरक्या मुलांना मायेने सांभाळले.

रामजींवर केवळ आपल्याच मुलांचा भार नव्हता. त्यांची थोरली मुलगी वारली आणि तिचे दोन मुलगेही याच घरात वाढू लागले. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना आणि नातवाला आपल्याकडे बोलावले. प्रवासासाठी नवे सदरे, टोप्या, जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेण्यात आली. परंतु मुलांचे पत्र रामजींच्या हाती पडले नाही. मसूर स्टेशनावर उतरलेल्या त्या मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली. वाटेत त्यांना कोणी पाणीसुद्धा दिले नाही. बापाने प्रेमाने घेतलेले नवे कपडे अंगावर असूनही अस्पृश्यता झाकली गेली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, सारे तेथेच. खोली लहान म्हणून रामजींनी एक शिस्त घातली. भीमाने लवकर निजावे, आपण रात्री दोनपर्यंत जागावे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे व्हावे. पेन्शन तुटपुंजी होती. पुस्तकांना पैसे नसले की ते सासरी नांदणाऱ्या लेकींकडे जात. लेकी अंगावरचा दागिना काढून देत. तो गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती आली की दागिना सुटे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्या बहिणींचाही वाटा आहे, हे विसरून कसे चालेल?

रामजी निर्दोष होते असे नाही. त्यांनी दुसरे लग्न केले, ते लहान भीमाच्या मनाला फार लागले. घरात रामायण-महाभारत वाचण्याची सक्ती होती, आणि मोठा झाल्यावर मुलाने त्याबद्दल बापाला जाब विचारला. परंतु बापाने प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे तोंड बंद केले नाही. त्यांचे स्नेही दादा केळुस्कर यांनी भीमरावाला आपले बुद्धचरित्र भेट दिले, आणि भगवान बुद्धांची ओळख या घरात झाली. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्यांतील कबीर त्यांना बापाच्या घरातच मिळाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१२ डिसेंबर १९१२ रोजी नातू यशवंत जन्मला. या नातवाचे सुख रामजींना अवघे ५२ दिवस लाभले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला गेला, ते पाहण्यास ते राहिले नाहीत. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

बंधुभगिनींनो, दीक्षा एका दिवसात घेता येते, पण घर रोज घडवावे लागते. आपल्या घरी मुलाच्या फीसाठी मुलीची शाळा थांबते काय, पोरे अभ्यासाला बसली की आपण रेडिओ बंद करतो काय, अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प बसवतो काय, याचा ज्याचा त्याने विचार करावा. मुलालाच नव्हे, मुलीलाही पहाटे अभ्यासाला उठवणारा बाप घरोघर दिसू लागेल, तेव्हाच रामजींचे स्मरण सार्थ होईल.