लोखंडे यांनी मोजलेला दिवस

आमचे विद्यार्थी नारायण मेघाजी लोखंडे यांना ‘रविवारची सुट्टी मिळवून देणारे’ एवढ्या एका ओळीत ओळखतात. ती ओळख खोटी नाही. अपुरी मात्र आहे.

१८८० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत काम साधारणतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यातला दिवस हिवाळ्याहून दीड-दोन तासांनी लांबे. १८४८ साली जन्मलेल्या लोखंड्यांनी स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केली होती, त्यामुळे हे त्यांना ऐकीव नव्हते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत ते घडले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या पाहाव्यात. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघातात जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. दयेची याचना येथे नाही. घड्याळ वा दिनदर्शिका हाती असलेल्या कोणालाही पडताळता येतील अशाच बहुतेक मागण्या आहेत. पगाराच्या तारखेचे महत्त्व तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष ओळखावे. मजुरी कित्येक आठवडे अडकून पडे. कामगार मालकाला जणू बिनव्याजी उधार देई आणि स्वतः मात्र सावकाराकडून व्याजाने पैसे काढी.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जूनला गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनवर लोखंड्यांना मुंबईसाठी सहसदस्य नेमण्यात आले.

पुढे १८९१ चा कायदा झाला. स्त्रियांना ११ तास, ९ ते १४ वर्षांच्या मुलांना ७ तास, दुपारी अर्धा तास विश्रांती. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हतीच. कापडगिरण्यांत ती १२ तासांची म्हणून १९११ मध्ये आली. शिवाय ज्या कारखान्यांत ५० माणसेही नसत, त्यांना हा कायदा सामान्यतः लागूच नव्हता.

लोखंडे तोवर हयात नव्हते. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रुग्णसेवेत उतरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.