तारेतल्या उष्णतेचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये भर दुपारी मोटर बंद पडते. फ्यूज उडालेला असतो आणि माल संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो. मग किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याच्या तारेचे दोन-चार पदर पिळून बसवले जातात आणि मशीन पुन्हा सुरू होते. पुण्यातल्या कारखानदारीला हा प्रकार नवा नाही. तो किती धोक्याचा आहे, याचा हिशेब मात्र इंग्लंडमधल्या एका बिअर कारखानदाराच्या मुलाने १८४० सालीच मांडून ठेवला आहे.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावी झाला. मणक्याच्या दोषामुळे लहानपणी प्रकृती नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच झाले. पुढे वडिलांनी त्यांना आणि भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवले. अणुसिद्धांत मांडणारे हेच ते डाल्टन. दोघा भावांना विजेचे भारी वेड. एकमेकांना आणि घरच्या नोकरांनाही विजेचे झटके देऊन पाहण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. अशा प्रयोगातून सगळे सुखरूप सुटले, हे नशीबच.

ज्यूल मोठे झाल्यावर घरच्या कारखान्यात लक्ष घालू लागले. वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर वापरता येईल का, असा व्यवहारी प्रश्न त्यांच्यापुढे होता. स्वतः बनवलेल्या मोटरवरचा त्यांचा पहिला लेख १८३८ साली छापून आला, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पण त्या काळी वीज बॅटरीतून मिळे आणि बॅटरीत जस्त खर्ची पडे. कोळशाच्या मानाने जस्त फारच महाग पडते, असा निष्कर्ष काढून त्यांनी मोटरचा नाद सोडला. या खटाटोपात त्यांचे लक्ष तापणाऱ्या तारेकडे गेले.

तारेचे वेटोळे पाण्यात बुडवायचे, त्यातून वीज सोडायची आणि पाणी किती तापले ते थर्मामीटरवर पाहायचे, असा साधा प्रयोग होता. अँपिअर, ओहम ही एकके तेव्हा ठरलेली नव्हती. ज्यूल यांनी ठराविक वेळात किती पाण्याचे विघटन होते, यावरून विद्युतप्रवाहाचे आपले माप ठरवले. निष्पन्न असे झाले, की उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते, पण प्रवाहाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट. रॉयल सोसायटीने डिसेंबर १८४० मध्ये या निबंधाचा फक्त गोषवारा छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

आजच्या शेडमधला हिशेब याच वर्गावर चालतो. १० अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराने चालताना साधारण १४ अँपिअर घेते. थेट सुरू केली, तर सुरुवातीचे काही क्षण हा आकडा सहापटीच्या आसपास जातो, म्हणजे तारेत उष्णता ३६ पट. ती काही सेकंदच टिकते म्हणून तार निभावते. पण मोटरवर दीडपट भार तासभर राहिला, तर सव्वादोनपट उष्णता तासभर साठत जाते. म्हणून मोटरला दुहेरी राखण लागते. शॉर्ट सर्किट झाल्यास क्षणात तुटणारा फ्यूज किंवा ब्रेकर हवा. शिवाय सुरुवातीचा झटका सोसून, रेंगाळणारा जादा भार ओळखणारा ओव्हरलोड रिले हवा. यातली द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकते आणि मोटर बंद करते, म्हणजे उष्णतेवर पहारा उष्णतेचाच.

तार निवडताना नुसता अँपिअरचा आकडा पुरत नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली तो आणखी चढतो. त्यातच एका पाइपात सात-आठ तारा कोंबल्या, की उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. तीच तार मग कमी प्रवाह पेलते. फ्यूज तारेच्या या घटलेल्या क्षमतेला बेतलेला हवा. तांब्याचे पदर पिळून तो जाड केला, की भिंतीतली तारच फ्यूज होते आणि आवरण तिथेच जळते.

फ्यूजचे अमेरिकी पेटंट एडिसन यांनी १८९० साली घेतले. ज्यूल यांनी ते पाहिले नाही. यांत्रिक श्रम आणि उष्णता यांचे नाते आकड्यात बसवण्यात त्यांचे पुढचे आयुष्य गेले. सुरुवातीला फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८४७ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ते गांभीर्याने ऐकले. त्याच वर्षी ज्यूल यांचे अमेलिया यांच्याशी लग्न झाले, पण १८५४ मध्ये त्या वारल्या. कारखानाही त्याच साली विकला गेला. उतारवयात पैशाची ओढाताण झाली, तेव्हा १८७८ मध्ये सरकारने त्यांना वर्षाला २०० पौंडांचे पेन्शन दिले.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव देण्याचे पॅरिसच्या विद्युत परिषदेने त्याच वर्षी ठरवले होते. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.