संत गाडगे महाराज

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही एका हिंदू सत्पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, ह्याचे कोणास नवल वाटू नये. शेजाऱ्याची सेवा कशी करावी आणि त्या शेजाऱ्यासही सेवेस कसे लावावे, हे ज्यांनी महाराष्ट्रास शिकविले ते सर्वांचेच गुरू होत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. मद्याच्या व्यसनाने पित्याचा अंत झाला. बाळपण मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. १९०५ साली त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरताच ते कोणास न विचारता रस्ते व गटारे झाडू लागत. लोक प्रथम नुसते पाहत, मग लाजत, आणि अखेर एकेक जण खराटा व घमेले घेऊन पुढे येई. रात्री कीर्तनात बाबा मनांची झाडणी करीत. तेथेही ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच मुखातून काढीत. पशुबळी, दारू, ऋण काढून केलेले सण आणि शिवाशीव ह्यांचा निषेध गावकरी आपल्याच तोंडाने करीत. लोकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःस मात्र भाकरतुकडा पुरे, आणि तोही काम केल्यावर.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांच्या कार्यावर त्यांचा लोभ होता. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. पुढे आमच्याच जिल्ह्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असता बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान निघाले, आणि गावोगावी लोकांनी श्रमदानाने आपले रस्ते झाडले.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीच्या कितीएक वस्त्यांत शिरली व ओसरताना चिखल ठेवून गेली. मदतीस धावून आलेले हात यथाकाल परतले. गल्ली उरली ती गल्लीत राहणाऱ्यांची. अशा वेळी पहिला खराटा कोणी उचलावा, हा प्रश्न धर्म वा जात पाहून सुटत नाही. शिष्यांचे पाय धुताना आमच्या प्रभूने दुसऱ्या कोणाची वाट पाहिली नाही. ज्युबिलीची रोषणाई उतरल्यावर मंदिराबाहेरची वाट शेजाऱ्यांसह झाडण्याची सद्बुद्धी परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.